विसरण्यासाठी गायलेलं गाणं

संध्याकाळी मेथी निवडत बसले होते आणि फोनवर जुन्या युरोपीय गाण्यांची एक यादी आपोआप वाजत होती. लक्ष अर्धं भाजीकडे. मधेच एक गाणं आलं, एकच आवाज आणि मागे एखादंच तंतुवाद्य. चाल जरा वर चढायची, मग जणू धीर होत नाही म्हणून परत खाली यायची आणि तिथेच घुटमळायची. शब्द अर्थातच कळत नव्हते, भाषा ऑक्सिटान, फ्रान्सच्या दक्षिणेची. ओला हात पदराला पुसून अर्थ शोधला. सुरुवातीच्या ओळींचा आशय साधारण असा : जे विसरावं म्हणून गायला बसतो, नेमकं तेच गाता गाता आठवत राहतं. प्रेमात पोळलेल्या माणसाचं आठशे वर्षांपूर्वीचं बोलणं, पण कालच कुणी फोनवर रडत सांगितल्यासारखं. गाणं पुन्हा लावलं, मग परत एकदा. मग कवीचं नाव पाहिलं. फोल्केत द मार्सेया.

हे नाव मला माहीत होतं, पण भलत्याच पुस्तकातून. तुलूजचा बिशप फोल्केत, पाखंड्यांचा कर्दनकाळ. लांगदॉकमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या त्याच दक्षिण भागात, कॅथार या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध क्रूसेड, म्हणजे पोपने पुकारलेलं धर्मयुद्ध, पेटलं तेव्हा स्वतःच्याच शहराच्या वैऱ्यांबरोबर उभा राहिलेला धर्माधिकारी. दोघं एकच.

भाजी झाली, जेवणं झाली, ओटा आवरून झाला, तरी ते काही डोक्यातून जाईना.

मार्सेयचा हा व्यापाऱ्याचा मुलगा. घरचा धंदा तेजीत होता, आणि हा मोठमोठ्या दरबारांतल्या स्त्रियांवर गाणी रचत होता. १२ व्या शतकाच्या शेवटी त्याची गाणी दक्षिणेत सगळीकडे गायली जात. मग ११९५ च्या सुमारास काहीतरी तुटलं आणि बायको-मुलांसकट तो मठात गेला. ल तोरोने या मठाचा मठाधिपती झाला, आणि १२०५ च्या सुमारास तुलूजचा बिशप. तिथून मरेपर्यंत, म्हणजे १२३१ पर्यंत, त्याचं एकच काम होतं. ज्या लोकांनी त्याची गाणी ऐकली होती त्यांच्यातले पाखंडी वेचून काढायचे.

त्या लोकांच्यात आणि पाखंड्यांच्यात रेघ मारणं सोपं नव्हतं, आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. कॅथारांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे जग, ही माती, हे शरीर चांगल्या देवाने केलेलंच नाही. ते दुष्टाचं काम आहे आणि आत्मा त्यात कोंडला गेला आहे. त्यांचे दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष मांस, अंडी, दूध यांना शिवत नसत (मासे मात्र चालत, हे वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं), लग्न करत नसत, शपथ घेत नसत. लोक त्यांना ‘भली माणसं’ म्हणत. बाकीचे अनुयायी चारचौघांसारखेच संसार करायचे, प्रेमात पडायचे, भांडायचे आणि मरताना एखाद्या भल्या माणसाच्या हातून डोक्यावर ग्रंथ ठेवून दीक्षा घ्यायचे. एका सरदाराला फोल्केतने विचारलं होतं की तुम्ही या पाखंड्यांना हाकलून का देत नाही? तो म्हणाला, कसं हाकलणार? त्यांच्यातच आम्ही लहानाचे मोठे झालो, आमचे नातेवाईक त्यांच्यात आहेत, आणि ते किती सचोटीने जगतात हे आम्ही रोज बघतो. हे उत्तर एका चर्चनिष्ठ इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे. मी वाचलेल्या सगळ्या धर्मयुद्धांच्या बखरींत इतकं घरगुती वाक्य दुसरं नाही.

फांजो नावाचं एक गाव आहे, टेकडीवरचं. पेइरे विदाल या त्रुबादूराने, म्हणजे ऑक्सिटानमध्ये प्रेमगीतं रचणाऱ्या कवीने, या गावावर गाणं केलं. हवा गोड झाली की मन कसं फुलतं, आणि फांजोचा किल्ला मला कसा स्वर्गासारखा वाटतो, अशी सुरुवात. त्याच फांजोत १२०४ मध्ये फ्वाच्या काउंटच्या बहिणीने, एस्क्लारमोंदने, सगळ्या प्रतिष्ठितांच्या देखत कॅथार दीक्षा घेतली. आणि त्याच फांजोत दोन-तीन वर्षांत दोमिनिक नावाचा धर्मोपदेशक येऊन राहिला, ज्याच्या पंथातले साधू पुढे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून काढणारं चर्चचं न्यायालय, चालवणार होते. दोमिनिकचा ग्रंथ आगीत टाकला तर तो तीनदा उडून बाहेर आला, ही चमत्काराची गोष्टही तिथलीच सांगतात. गाणं, दीक्षा आणि आग, सगळं एकाच टेकडीवर, एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माणसांना यातलं काय कशापासून वेगळं करता येत असेल?

विदाल वेडाच होता म्हणतात. काबारे किल्ल्यावरच्या लोबा नावाच्या सरदारिणीवर त्याचं प्रेम. तिच्या नावात लांडगी आहे म्हणून हा पठ्ठ्या लांडग्याचं कातडं पांघरून डोंगरात हिंडला. मेंढपाळांच्या कुत्र्यांनी त्याला असा फोडून काढला की अर्धमेल्या अवस्थेत उचलून तिच्याच दारात आणावा लागला, आणि ती नि तिचा नवरा पोट धरून हसले. आख्यायिका असणार, पण त्या दरबारांची हवा तिच्यात आहे. प्रेम हा एक खेळ, नवराही त्यात सामील, आणि हसू आलं तर हसायचं. काबारेच्या मालकांनी कॅथारांना उघड आसरा दिला होता. मग १२१० मध्ये क्रूसेडचा सेनापती सिमों द माँफोरने ब्रां गाव घेतलं, तिथल्या शंभरावर माणसांचे डोळे काढले, नाकं कापली, एकाचा एक डोळा शिल्लक ठेवला आणि त्याच्यामागे ती सगळी रांग चालवत काबारेला पाठवली. लांडग्याच्या कातड्यातल्या कवीवर जिथे हसले, त्याच दारात.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर मला पुढे वाचवेना. त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं.

आता त्या मोहक सिद्धांताबद्दल. पाखंड आणि प्रेमकथा एकाच मातीत, एकाच काळात फुलली म्हटल्यावर कुणालाही वाटणारच की आत काहीतरी गुपित आहे. एकोणिसाव्या शतकापासून हे म्हणणारे निघाले की त्रुबादूरांच्या गाण्यांतली ती न मिळणारी, दूर असलेली स्त्री म्हणजे स्त्री नव्हेच, तो कॅथारांचा छुपा धर्म. राजपुत्र राजकन्येसाठी झुरतो म्हणजे आत्मा प्रकाशासाठी झुरतो. देनी द रूजमाँ या स्विस लेखकाने १९३९ मध्ये हे फार देखण्या पद्धतीने मांडलं आणि त्रिस्तान-इझोल्डे या मध्ययुगीन प्रेमीयुगुलाच्या कथेपर्यंत नेऊन भिडवलं. पश्चिमेने प्रेमाला मरणाची ओढ लावली ती या पाखंडातून, असा त्याचा सूर. त्याच दशकात ओटो रान नावाच्या जर्मन तरुणाने कॅथारांचा आसरा असलेला माँसेगुरचा किल्ला म्हणजेच ‘पार्झिवाल’ या मध्ययुगीन काव्यातला ग्रेल नावाच्या पवित्र वस्तूचा गड, असं ठासून लिहिलं. हा पुढे हिमलरच्या एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या खास दलात, भरती झाला आणि १९३९ मध्येच ऑस्ट्रियाच्या डोंगरात मेला. गंमत अशी की आज माँसेगुरवर जे अवशेष उभे आहेत, ज्यांच्या खिडक्यांतून सूर्य कसा येतो याची मोजमापं लोक करत असतात, ते कॅथारांनंतर फ्रेंच राजाच्या बाजूच्या सरदारांनी बांधलेल्या किल्ल्याचे आहेत.

मराठी वाचकाला हा सिद्धांत आणखीच पटकन पटतो, कारण आपल्याकडे खरंच असं झालेलं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत दडवले, आणि विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. तोच पंथ नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ही सांभाळून होता, ज्यात विरहाने पोळणारी रुक्मिणी अशी आहे की पंथाबिंथाचा विसर पडावा. पण नीट पाहिलं तर त्यांनी दडवली ती अक्षरं. मत दडवलं नाही. लिपी उलगडली की आत जे म्हणायचं ते सरळ म्हटलेलं आहे, कृष्ण हा कृष्णच आहे. जिवावर बेतलेला पंथ वही लपवतो. दरबारात शंभर लोकांसमोर गायच्या शृंगारगीतात तो आपलं तत्त्वज्ञान कशाला कोंबेल?

शिवाय कॅथार भल्या माणसाला शरीर म्हणजे सैतानाची कोठडी. आणि त्रुबादूर काय गातो? तिचा गोरा हात, तिचं अंथरूण, पहाट झाली असं ओरडणारा पहारेकरी आणि अजून थोडा वेळ थांब म्हणणारी ती. दोन्ही एकाच घरात राहू शकतात, हो, एक सासूच्या खोलीत आणि एक सुनेच्या. पण एकाचा दुसऱ्यात अनुवाद होत नाही. १२४५-४६ मध्ये तुलूजच्या सां-सेर्नां चर्चमध्ये दोन इन्क्विझिटरांनी पाच हजारांवर माणसांच्या जबान्या घेतल्या. भल्या माणसांना कुठे पाहिलंस, वाकून नमस्कार केलास का, त्यांच्याबरोबर जेवलास का, कुणी वाट दाखवली. प्रश्न हे असले. पाव, मासळी, रात्रीचा मुक्काम, कुणाच्या आजीला मरताना दीक्षा दिली. मला तरी या जबान्यांच्या जगात प्रेमगीतांचं गुपित कुठे दिसत नाही. ज्यांचा धंदाच गुपितं उकरण्याचा, त्यांना ते सापडलं नसतं का?

गाणी मेली, ती वेगळ्याच कारणाने. रायमोन द मिरावाल हा गरीब सरदार, मिरावालच्या किल्ल्यात त्याचा जेमतेम चौथा हिस्सा, पण प्रेमाच्या शिष्टाचारातला मोठा जाणकार. १२११ मध्ये माँफोरने तो किल्ला घेतला. त्यावर त्याने आरागॉनच्या पेद्रो राजाला उद्देशून गाणं केलं : मिरावाल परत मिळवून देण्याचं वचन राजाने दिलं आहे, मग स्त्रिया आणि त्यांचे प्रियकर हरवलेला आनंद परत मिळवतील. मला हे गाणं पहिल्यांदा वाचताना जरा हसू आलं होतं. क्रूसेडच्या सैन्याने बेझिये शहर कापून काढलेलं, मिनेर्वला १४० कॅथार जाळलेले, आणि या गृहस्थाला काळजी प्रियकरांची. आता हसू येत नाही. त्याला जे जग नष्ट होताना दिसत होतं त्याचं नाव त्याच्याकडे तेवढंच होतं. सप्टेंबर १२१३ मध्ये म्यूरेच्या लढाईत माँफोरशी लढताना राजा मारला गेला. मिरावाल काही परत मिळालं नाही. आश्रयदातेच उरले नाहीत तर कवी कुणापुढे गाणार? बरेच इटलीत गेले, स्पेनमध्ये गेले.

आणि तरीही त्याच शतकात, त्याच भाषेत, ‘फ्लामेंका’ लिहिली गेली. ही माझी सगळ्यात लाडकी. आठ हजारांवर ओळींची पद्यकथा, एकच हस्तलिखित उरलं आहे, तेही सुरुवातीची नि शेवटची पानं गळालेलं, आणि ते ठेवलंय कारकासोनच्या नगरपालिकेच्या ग्रंथालयात. फ्लामेंकाचा नवरा आर्शांबो संशयाने वेडा झालेला. दाढी करत नाही, अंघोळ करत नाही, बायकोला दोन दासींसह बुरुजात कोंडून ठेवतो. ती बाहेर पडते ती चर्चला जायला, आणि तिथेही पडद्याआड बसते. गिलेम नावाचा तरुण सरदार तिला न पाहताच तिच्या प्रेमात पडतो, चर्चच्या पाद्र्याला पटवतो, डोक्यावर चकतीसारखे केस कापून घेतो आणि प्रार्थनेत मदतनीस म्हणून उभा राहतो. उपासनेच्या शेवटी शांतीचं चुंबन घेण्यासाठी स्तोत्रांचं पुस्तक तिच्यासमोर धरायचं, तो एक क्षण त्याचा. त्या क्षणात मावतील एवढीच अक्षरं. पहिल्या दिवशी तो म्हणतो, ‘हाय!’ पुढच्या खेपेला ती विचारते, ‘काय दुखतं?’ मग आठवड्याने तो, ‘मरतोय.’ ती, ‘कशाने?’ तो, ‘प्रेमाने.’ ती, ‘कुणाच्या?’ तो, ‘तुमच्या.’ असे आठवडे जातात, सण येतात, ऋतू बदलतो, आणि वाचक त्या दोन-दोन अक्षरांसाठी पुढच्या रविवारची वाट पाहत राहतो.

मधे एक प्रसंग आहे. फ्लामेंका बुरुजात दासींबरोबर तालीम करते. काय उत्तर द्यायचं, किती हळू बोलायचं, ओठ हलताना दिसतील का. स्तोत्रांचं पुस्तक हवं म्हणून दासीला ती म्हणते, ते ब्लांशफ्लोरच्या प्रेमकथेचं पुस्तक घे आणि चर्चमधल्यासारखं माझ्यापुढे धर. पवित्र ग्रंथाच्या जागी प्रेमकथा! कवीने यावर काही भाष्य केलेलं नाही, पुढे गेलाय. छुपा धर्म शोधणाऱ्यांनी इथे थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. इथे काही लपवलेलं नाही, सगळं समोर धरलंय. कुणाची निंदा नाही, वाद नाही, फक्त एका पुस्तकाच्या जागी दुसरं धरून तीन बायका खुदुखुदु हसताहेत. बिशपला मात्र यावर कुठलं कलम लावावं ते सुचलं नसतं.

फ्लामेंका वाचून झाल्यावर मी बेआत्रिस द प्लानिसोलची जबानी वाचली, आणि माझी फार गफलत होऊ लागली, कारण जबानीच कादंबरीसारखी आणि कादंबरी जबानीसारखी. १३२० साल. पिरेनीजमधल्या माँतायू गावची ही सरदाराची विधवा, पामिएच्या बिशपसमोर, झाक फूर्निएसमोर. तिच्या सामानात निघालेल्या वस्तू : नातवांच्या नाळा, एक आरसा, उदाचे खडे, मुलीच्या पहिल्या विटाळाचा डाग पडलेलं कापड. ते कापड भिजवून जावयाला पाजलं की तो मुलीवरून नजर हलवणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आणि तिची गोष्ट : गावचा पाद्री पिएर क्लेर्ग, वरून पाद्री आणि आतून कॅथारांचा माणूस. ती पापाची कबुली द्यायला वेदीमागे गुडघ्यावर बसली तर तो तिचं चुंबन घेऊन म्हणाला, जगात तुझ्याइतकी कुणी आवडत नाही. पुढे एका काळोख्या रात्री त्याने तिला प्रादच्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये बोलावून घेतलं, आत चक्क अंथरूण घातलेलं. ती म्हणाली, अहो, संत पीटरच्या घरात हे असलं? तो म्हणाला, त्यानं पीटरचं असं काय मोठं बिघडणार आहे!

चर्च तेच, कुजबुजही तीच. एक कुजबुज कवीने लिहिली, दुसरी कारकुनाने, तिच्या ऑक्सिटान बोलण्याचं लॅटिन करत. फूर्निए पुढे बाराव्या बेनेडिक्टच्या नावाने पोप झाला म्हणून ती वही व्हॅटिकनमध्ये सुखरूप राहिली. बेआत्रिसला कैद झाली, मग १३२२ मध्ये कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून वावरायच्या अटीवर सोडली. ज्यांनी त्या माणसांना संपवलं त्यांच्याच कपाटात ती माणसं सगळ्यात जिवंत राहिली. त्यांच्याच वह्यांतून मी हे सगळं आवडीने वाचते आहे, उदाच्या खड्यांपर्यंत, आणि यात मला कसलं तरी अवघडलेपण येतं ते नीट सांगता येत नाही. कादंबरी मिटून ठेवताना ते येत नाही.

फोल्केतबद्दल एक गोष्ट सांगतात. बिशप झाल्यावर कुठे त्याची जुनी गाणी कानावर पडली की त्या दिवशी तो फक्त पाव आणि पाणी घ्यायचा. ही गोष्ट त्याच्या पुण्याईचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वेगळ्याच कारणाने खरी वाटते : गाणी बंद झालेली नव्हती. त्याच्याच बिशपपदाच्या काळात, त्याच्याच हद्दीत, लोक ती म्हणत होते, बहुधा ज्यांच्या घरी भली माणसं जेवत तेही. १२१५ मध्ये रोमला लॅटरनची परिषद, म्हणजे चर्चची मोठी सभा, भरली. क्रूसेडवरच्या ऑक्सिटान महाकाव्यात त्या परिषदेचा प्रसंग आहे. त्यात फ्वाचा काउंट, एस्क्लारमोंदचा भाऊ, पोपसमोर उभा राहून फोल्केतवर बोट ठेवतो. पहिला आरोप कत्तलींचा नाही! पहिला आरोप त्याच्या खोट्या, गुळगुळीत गाण्यांचा, जी म्हणणारा प्रत्येक माणूस बुडाला. कत्तलीची पाळी नंतर येते, पाच लाख माणसं मेली असा कवीच्या हिशोबाने फुगवलेला आकडा, आणि हा रोमचा दूत नव्हे, ख्रिस्तद्वेष्टाच वाटतो, असं. शंभर वर्षांनी इटालियन कवी दांतेने मात्र त्याला थेट स्वर्गात बसवलं, शुक्राच्या गोलात, प्रेमिकांमध्ये. तरुणपणी मी किती जळलो, हे फोल्केत तिथे आनंदाने सांगतो. जळणं हे क्रियापद त्याने तुलूजच्या संदर्भात एकदाही वापरलेलं नाही. दांते मला फार प्रिय आहे, पण इथे त्याचा राग येतो.

इन्क्विझिशनने कवितेवरून चौकशी केलीच नाही असं नाही. एक दाखला आहे, १२७४ चा. बेर्नार्त रायमोन बारान्योन नावाच्या तुलूजच्या एका व्यापाऱ्याला विचारलं गेलं की ‘रोम, तू दगाबाज’ असं म्हणणारं पुस्तक तुझ्याकडे आहे का. हा रोख गिलेम फिगेइराच्या एका कवितेवर होता. तीत प्रेमाचं अवाक्षर नाही, पहिल्या कडव्यापासून रोमला शिव्या आहेत, बेझियेच्या कत्तलीपासून पैशाच्या हावेपर्यंत. म्हणजे कुठल्या कवितेला घाबरायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बारान्योन म्हणाला, पुस्तक नाही, पण फिगेइरा नावाच्या एका गवयाची कडवी ऐकली होती. मग त्याने तिथेच, इन्क्विझिटरसमोर, पहिलं कडवं पाठ म्हणून दाखवलं, आणि वर सांगितलं की मी हे चारचौघांत पुष्कळदा म्हटलेलं आहे. कारकुनाने ते लॅटिन जबानीच्या मधोमध, ऑक्सिटानमध्येच, लिहून घेतलं.